कालचे धोरण, आजचा गुन्हा

कोलंबिया विद्यापीठाची ओळख मराठी वाचकाला करून द्यावी लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात तिथे शिकले, जॉन ड्युई आणि एडविन सेलिग्मन यांच्यासारख्यांचे विद्यार्थी झाले आणि १९१६ च्या मध्यास लंडनला गेले. ते निघाले तेव्हा युरोप पेटलेला होता आणि अमेरिका तटस्थ होती. पुढच्याच वर्षी, जून १९१७ मध्ये, याच विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात अध्यक्ष निकोलस मरे बटलर यांनी सगळ्यांना बजावले की आजवर जे खपवून घेतले ते यापुढे खपणार नाही. काल ज्याला खुळेपणा म्हणून सोडून दिले, तो आज देशद्रोह ठरेल. बटलर काही युद्धखोर म्हणून ओळखले जाणारे गृहस्थ नव्हते. महायुद्धापूर्वीच्या शांतता चळवळीतले ते बडे प्रस्थ होते आणि पुढे १९३१ चे शांततेचे नोबेलही त्यांना विभागून मिळाले. त्या वेळच्या दुसऱ्या मानकरी होत्या जेन ॲडम्स. युद्धाला विरोध केला म्हणून त्यांनी १९१७ मध्ये शिव्याशाप खाल्ले होते. बटलर यांचा इशारा पोकळ नव्हता. ऑक्टोबरात मानसशास्त्राचे नामवंत प्राध्यापक जेम्स मॅकीन कॅटेल यांना काढून टाकले. सक्तीने भरती केलेल्यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध युरोपात लढायला पाठवू नका, असे पत्र त्यांनी लोकप्रतिनिधींना लिहिले होते. त्यांचे सहकारी प्राध्यापक हेन्री डेना यांचीही नोकरी गेली. यावर राजीनामा दिला तो इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांनी, आणि बिअर्ड स्वतः युद्धाचे समर्थक होते.

या प्रकरणाकडे पाहताना ‘युद्धकाळ म्हटला की असे व्हायचेच’ म्हणून पुढे जाण्याचा मोह होतो. पण माझे म्हणणे वेगळे आहे. परक्याच्या महायुद्धात उशिरा आणि स्वतःच्या निर्णयाने उतरणारे तटस्थ राष्ट्र हे पहिल्या दिवसापासून लढणाऱ्या राष्ट्रापेक्षा वेगळ्या रीतीने बदलते. ज्याच्या दारात शत्रूचे सैन्य येऊन ठेपले, त्याला ‘आपण का लढतो आहोत’ हे लोकांना शिकवत बसावे लागत नाही. तटस्थ राष्ट्राला ते शिकवावे लागते, तेही अशा लोकांना ज्यांना तीन वर्षे नेमके उलटे शिकवले होते. लढायचे नाही हे त्या देशाचे अधिकृत धोरण असते, त्यावर निवडणुका जिंकलेल्या असतात, ते मनापासून मानणारे लाखो नागरिक असतात. युद्धाची घोषणा होताच हे सारे नागरिक जागच्या जागी संशयित होतात. त्यांनी मत बदललेले नसते, सरकारने बदललेले असते. सरकारला मग पहिली लढाई आपल्याच माणसांशी करावी लागते, आणि त्यासाठी घडवलेली हत्यारे शत्रू शरण आल्यावरही शिल्लक राहतात. १९१७ ची अमेरिका हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.

ऑगस्ट १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी देशबांधवांना केवळ कृतीतच नव्हे, तर विचारातही निःपक्षपाती राहा असे सांगितले. ही मागणी तशी अशक्यच होती, पण तिच्यामागे हिशोब होता. देशाची लोकसंख्या दहा कोटींच्या आसपास आणि त्यातले ऐंशी लाखांहून अधिक लोक जर्मनीत जन्मलेले किंवा जर्मन आईबापांची मुले; शिवाय ब्रिटनवर दात धरून असलेले आयरिश आणि झारच्या छळातून पळून आलेले ज्यू. यांपैकी कोणाला कोणाच्या बाजूने उभे करणार? मे १९१५ मध्ये जर्मन पाणबुडीने ‘लुसितानिया’ ही ब्रिटिश प्रवासी बोट बुडवली, १२८ अमेरिकन मेले, तरीही विल्सन थांबले. नोव्हेंबर १९१६ ची निवडणूक त्यांच्या पक्षाने ‘यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवले’ या घोषणेवर लढवली आणि कॅलिफोर्नियातल्या चार हजारांहूनही कमी मतांच्या आघाडीवर ती निसटती जिंकली. मग फेब्रुवारी १९१७ मध्ये जर्मनीने पाणबुडी हल्ल्यांवरचे निर्बंध उठवले, पाठोपाठ मेक्सिकोला अमेरिकेविरुद्ध फितवणारी जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमन यांची तार उघडकीस आली, आणि ६ एप्रिलला अमेरिका युद्धात होती. निवडणुकीला जेमतेम पाच महिने झाले होते. सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ६ आणि प्रतिनिधिगृहात ३७३ विरुद्ध ५० असे मतदान झाले. विरोधी मत देणाऱ्यांत मॉन्टानाच्या जेनेट रँकिन होत्या, अमेरिकी काँग्रेसमध्ये निवडून आलेल्या पहिल्या महिला.

मताधिक्य दणदणीत होते. मग इतकी घाई कशाची झाली? आठवडाभरातच जॉर्ज क्रील या पत्रकाराच्या हाताखाली सार्वजनिक माहिती समिती स्थापन झाली. तिच्या सगळ्या उद्योगांत एक फार बोलका आहे. त्या काळी चित्रपटगृहात रीळ बदलायला चार मिनिटे लागत. तेवढ्या वेळात पडद्यापुढे उभे राहून युद्धाचे समर्थन करणारे सुमारे ७५ हजार स्वयंसेवक वक्ते देशभर पेरले गेले. मुद्दे वॉशिंग्टनहून यायचे, वक्ता मात्र गावातलाच वकील किंवा दुकानदार असायचा. प्रचार परका वाटू नये याची ही व्यवस्था आजच्या प्रचारयंत्रणांनीही अभ्यासावी अशी होती. अवघ्या सहा आठवड्यांत सक्तीच्या भरतीचा कायदा आला. ब्रिटनने तो करायला दीड वर्ष घेतले होते. १५ जूनला हेरगिरीचा कायदा आला. नावात हेरगिरी असली तरी भरतीत अडथळा आणणाऱ्याला २० वर्षांपर्यंत तुरुंगवास देण्याची तरतूद त्यात होती, आणि कोणती नियतकालिके टपालातून जाऊ द्यायची नाहीत हे ठरवण्याची मुभा टपालखात्याला मिळाली. मे १९१८ च्या दुरुस्तीने तर सरकार, राज्यघटना, सैन्य, झेंडा, एवढेच काय गणवेशाबद्दलही अपमानास्पद बोलणे गुन्हा ठरवले. न्यायखात्याच्या आशीर्वादाने अडीच लाख हौशी टेहळ्यांची संघटना शेजाऱ्यापाजाऱ्यांवर नजर ठेवू लागली. एकमत असलेल्या देशाला एवढा सरंजाम लागत नाही.

या कायद्यांखाली खटले दोन हजारांच्या घरात गेले. त्यातला युजीन डेब्ज यांचा खटला सगळे सांगून जातो. डेब्ज हे समाजवादी पक्षाचे नेते, चार वेळा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले. १६ जून १९१८ रोजी ओहायोतल्या कँटन गावी त्यांनी भाषण केले. युद्धे जाहीर करतात मालक आणि मरतात मजूर, असा त्याचा आशय होता. बाँब नाही, कट नाही, भरती केंद्राची मोडतोड नाही. एका उद्यानातले भाषण. शिक्षा झाली दहा वर्षे. मार्च १९१९ मध्ये, तोफा थंड होऊन चार महिने झाल्यावर, सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने कायम केली. गंमत पुढे आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात राष्ट्रसंघाचा प्रचार करत फिरणाऱ्या विल्सन यांनी सेंट लुईसच्या सभेत श्रोत्यांनाच विचारले की आधुनिक जगातल्या युद्धाचे बीज औद्योगिक आणि व्यापारी स्पर्धेत असते हे कोणाला ठाऊक नाही? डेब्ज यांचे म्हणणे याहून फार लांबचे नव्हते. पण विल्सन यांनी त्यांची सुटका अखेरपर्यंत नाकारली. १९२० ची निवडणूक डेब्ज यांनी अटलांटाच्या तुरुंगातून लढवली आणि नऊ लाखांवर मते घेतली. त्यांना सोडले ते वॉरन हार्डिंग यांनी, १९२१ च्या नाताळात.

सरकार एकदा असा सूर लावते, तेव्हा तो पकडणारे गल्लोगल्ली निघतात. इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिल गावात एप्रिल १९१८ मध्ये रॉबर्ट प्रेगर नावाच्या जर्मन कामगाराला जमावाने अनवाणी चालवले, झेंड्याचे चुंबन घ्यायला लावले, आईवडिलांना शेवटचे पत्र लिहू दिले आणि फाशी दिली. या माणसाने अमेरिकी नौदलात भरती होण्याचा प्रयत्न केला होता. अकरा आरोपींवर खटला चालला, ज्युरींनी थोड्याच वेळात सगळ्यांना निर्दोष सोडले. आयोवाच्या गव्हर्नरने सार्वजनिक जागी, आगगाडीत आणि टेलिफोनवरही इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलू नये असा फतवा काढला. भाषेवरून रान उठवणे आपल्याला नवे नाही, पण टेलिफोनवरच्या बायकांच्या गप्पांना दंड ठोठावण्यापर्यंत आपण अजून गेलेलो नाही. आणि हा ज्वर युद्धाबरोबर उतरलाही नाही. परदेशी भाषा शिकवण्यावर बंदी घालणारा नेब्रास्काचा कायदा १९१९ चा, म्हणजे शस्त्रसंधीनंतरचा. त्याखाली मे १९२० मध्ये रॉबर्ट मायर या शिक्षकाला पकडले, कारण चर्चच्या शाळेत एका दहा वर्षांच्या मुलाकडून तो जर्मनमधली बायबलची गोष्ट वाचून घेत होता. दंड २५ डॉलर. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करेपर्यंत १९२३ उजाडले.

याची झळ आपल्या माणसांनाही लागली. १९१३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गदर पक्ष उभा राहिला. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्याच्या पहिल्या वर्तुळात होते. तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे तिथूनच हिंदुस्थानात परतले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरला फासावर गेले. जर्मनीच्या पैशाने हिंदुस्थानात शस्त्रे धाडण्याचा या मंडळींचा खटाटोप ब्रिटिश हेरांना चांगला ठाऊक होता आणि लंडन वॉशिंग्टनच्या मागे सतत टुमणे लावून होते. अमेरिका तटस्थ होती तोवर तिथले सरकार फारसे हलले नाही. युद्धात उतरताच मात्र धरपकड आणि आरोपपत्रांचा धडाका लागला. सॅन फ्रान्सिस्कोत २० नोव्हेंबर १९१७ ला सुरू झालेला खटला २४ एप्रिल १९१८ पर्यंत चालला. शेवटच्या दिवशी भर कोर्टात आरोपी राम चंद्र यांच्यावर सहआरोपी राम सिंग यांनी गोळी झाडली आणि मार्शलने राम सिंग यांना तिथेच टिपले. जर्मन आणि हिंदी मिळून २९ जण दोषी ठरले. त्यांच्यावरचा आरोप वाचण्याजोगा आहे: अमेरिकेच्या तटस्थतेचा भंग. तटस्थता सरकारने स्वतःच मोडीत काढली होती, पण तिच्या भंगाची शिक्षा परक्या देशातून स्वातंत्र्याचे स्वप्न पाहणाऱ्यांनी भोगली.

यावर पहिला आक्षेप असा येईल की दडपशाही सगळ्याच लढणाऱ्या देशांनी केली, तटस्थतेचा त्यात काय संबंध? दडपशाही सगळीकडे होती हे खरे. पण मोजमाप करून पाहावे. ब्रिटनने बर्ट्रंड रसेल यांना १९१८ मध्ये एका लेखाबद्दल तुरुंगात टाकले, शिक्षा सहा महिने. कैसरच्या जर्मनीत कार्ल लीबक्नेख्त यांनी १९१६ मध्ये बर्लिनच्या चौकात युद्धाचा आणि सरकारचा धिक्कार केला, ऐन रणधुमाळीत, स्वतः लष्करी सेवेत असताना. त्यांना चार वर्षांच्या वर सक्तमजुरी मिळाली. डेब्ज यांना दहा. ब्रिटनचे सात लाखांहून अधिक सैनिक मेले, लंडनवर झेपेलिनमधून बाँब पडले. अमेरिकेच्या भूमीवर शत्रूचा सैनिक उतरला नाही. ब्रिटनच्या भरती कायद्यात सदसद्विवेकाला न पटणारे युद्ध नाकारण्याची वाट होती, ती अरुंद आणि जाचक असली तरी धर्मपंथाची अट तिला नव्हती. अमेरिकेने ती सवलत शांततावादी पंथांच्या अनुयायांपुरतीच ठेवली. धोका कमी असलेल्या देशात शिक्षा जबर असेल, तर तिचे कारण धोक्यात शोधून भागणार नाही. ते शंकेत आहे. लोक आपल्यामागे खरोखर आहेत का, ही शंका.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अमेरिका खरी तटस्थ होतीच कुठे? एप्रिल १९१७ पर्यंत दोस्तराष्ट्रांना अमेरिकी सावकारांनी दिलेली कर्जे सव्वादोन अब्ज डॉलरांच्या आसपास गेली होती, जर्मनीला मिळालेली पावणेतीन कोटींच्या आसपास. ब्रिटनची खरेदी १९१५ पासून जे. पी. मॉर्गनची पेढी पाहत होती. अशी कर्जे तटस्थतेच्या भावनेशी विसंगत आहेत असे परराष्ट्रमंत्री ब्रायन यांनी १९१४ मध्येच म्हटले होते, आणि ‘लुसितानिया’नंतरच्या कठोर खलित्यावर सही करण्याऐवजी त्यांनी जून १९१५ मध्ये पद सोडले. म्हणजे तिजोरी आधीच एका बाजूला झुकली होती. मला हे मान्य आहे, पण त्याने माझा मुद्दा पातळ होत नाही. पेढ्यांची तटस्थता संपली होती आणि मतदारांची शाबूत होती, हाच तर पेच होता. कॅन्सस-नेब्रास्काच्या शेतकऱ्याने मॉर्गनचे रोखे घेतलेले नव्हते. नेब्रास्काचेच सिनेटर जॉर्ज नॉरिस यांनी युद्धाच्या ठरावावर बोलताना झेंड्यावर डॉलरचे चिन्ह लावले जात असल्याचा घणाघात केला, तेव्हा ते या दुभंगावरच बोट ठेवत होते.

तिसरा आक्षेप म्हणतो की युद्धाने पुष्कळ भलेही केले. युरोपातून येणारे मजूर थांबले, कारखान्यांची दारे दक्षिणेतल्या काळ्यांना उघडली आणि लाखो लोक उत्तरेला आले. स्त्रियांना मताधिकार मिळाला. काळ्यांच्या स्थलांतराचे मोल मोठे आहे, त्याबरोबरच ईस्ट सेंट लुईसची १९१७ ची आणि शिकागोची १९१९ ची दंगल मोजायची एवढेच. मताधिकाराचे श्रेय मात्र युद्धाला द्यायला मी तयार नाही. सप्टेंबर १९१८ मध्ये विल्सन यांनी सिनेटला युद्धाची गरज म्हणून मताधिकार द्या असे विनवले हे खरे; पण आदल्याच वर्षी व्हाइट हाउसबाहेर फलक घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांना त्यांच्याच प्रशासनाने कोठडीत टाकले होते आणि उपोषण करणाऱ्या ॲलिस पॉल यांना जबरदस्तीने अन्न भरवले होते. आणि त्याच काळात डेन्मार्कने १९१५ मध्ये, नेदरलँड्स आणि स्वीडनने १९१९ मध्ये स्त्रियांना मताधिकाराचा निर्णय केला. हे तिन्ही देश महायुद्धात अखेरपर्यंत तटस्थ होते.

राहता राहिला सर्वांत सोयीचा युक्तिवाद: हे सारे तात्पुरते होते. १९१८ ची दुरुस्ती डिसेंबर १९२० मध्ये मागे घेतली गेली, सरकारने ताब्यात घेतलेले रेल्वेमार्ग त्याच वर्षी मालकांना परत मिळाले, फौजा घरी आल्या. जे परत गेले त्याची यादी खरी आहे, जे राहिले त्याची जास्त महत्त्वाची. युरोपात युद्ध पेटले तेव्हा अमेरिकेत प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ७ टक्के होता, १९१८ मध्ये तो ७७ टक्के झाला, आणि सुबत्तेच्या १९२० च्या दशकातही २४ टक्क्यांखाली आला नाही. शत्रुदेशीय नागरिकांच्या नोंदी ठेवण्यासाठी न्यायखात्याने जुलै १९१७ मध्ये एका २२ वर्षांच्या कारकुनाला घेतले. त्याचे नाव जे. एडगर हूवर, पुढे एफबीआयचा प्रमुख झालेला. माणसांच्या फायली करण्याचे तंत्र तो तिथे शिकला आणि १९७२ मध्ये मरेपर्यंत त्याने ते सोडले नाही. परक्यांबद्दलचा संशय १९२४ च्या स्थलांतर कायद्यात कायमचा होऊन बसला. हिंदुस्थानातून आलेल्या भगतसिंग थिंड यांनी तर १९१८ मध्ये अमेरिकेचा लष्करी गणवेश चढवला होता, तरी १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ‘गोरे’ नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारले. आणि १५ जून १९१७ चा हेरगिरीचा कायदा? सरकारी गुपिते उघड करणाऱ्या डॅनिएल एल्सबर्ग, एडवर्ड स्नोडेन, ज्युलियन असांज या सगळ्यांवर तोच लावला गेला. २०२४ मध्ये असांज यांनी सुटकेसाठी कबुली दिली ती याच कायद्याखाली.

हे सारे आज आठवण्याला कारण आहे. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यापासून भारताने संयुक्त राष्ट्रांतल्या ठरावांवर मतदान टाळले, त्यावर ‘हे तळ्यात-मळ्यात किती दिवस’ असे आपल्याकडेही अधूनमधून विचारले जाते. प्रश्न गैर नाही. तटस्थता हे काही पावित्र्य नव्हे. तीत स्वार्थ असतो, कधी भेकडपणाही असतो, आणि एखाद्या युद्धात न उतरणे हाच अन्याय ठरू शकतो. १९१७ मध्ये अमेरिकेने उतरायला नको होते असा निकाल द्यायला मी बसलेलो नाही. पण बाजू घेण्याचा हिशोब मांडताना आपण तेल, शस्त्रे, व्यापार आणि मित्रदेशांची मर्जी एवढेच रकाने आखतो. त्यात आणखी एक रकाना हवा: काल सरकारच्याच धोरणाशी सहमत असलेल्या नागरिकाचे उद्या काय करणार?

जेनेट रँकिन यांच्या मॉन्टाना राज्याने त्यांच्या ‘नाही’नंतर दहा महिन्यांत, फेब्रुवारी १९१८ मध्ये, स्वतःचा देशद्रोहविरोधी कायदा केला. केंद्राच्या मे महिन्यातल्या दुरुस्तीला नमुना पुरवला तो यानेच. मद्याच्या एका फिरत्या विक्रेत्याने हॉटेलात अन्ननियंत्रणाच्या नियमांना ‘थट्टा’ म्हटले, त्याला साडेसात ते वीस वर्षे शिक्षा झाली. गुत्त्यात, दुकानात, रस्त्यावर बोललेल्या अशाच वाक्यांसाठी शेतकरी, मजूर आणि गुत्तेवाले तुरुंगात गेले. ज्यांचे स्वतःचेच पूर्वज जर्मनभाषक स्थलांतरित होते त्या गव्हर्नर ब्रायन श्वाइत्झर यांनी मे २००६ मध्ये अशा ७८ जणांना माफी दिली. तोवर त्यांपैकी कोणीही हयात नव्हते.